डेक, लेन्स आणि एमपीथ्रीची सीडी

एमपीथ्रीची सीडी आणि गाण्याची सीडी दिसायला सारख्या, पण त्यांची जात वेगळी. गाण्याच्या सीडीवर, म्हणजे ऑडिओ सीडीवर, आवाजाचे नमुने एका सलग रेषेत ओळीने लिहिलेले असतात आणि प्लेअर ते वाचता वाचता वाजवत जातो. एमपीथ्रीच्या सीडीवर असतात त्या फाइली. प्लेअरला आधी संगणकासारखी फोल्डरांची यादी वाचावी लागते, हवी ती फाइल शोधावी लागते, तिच्यात घडी घालून ठेवलेला आवाज उलगडावा लागतो, आणि मगच स्पीकरपर्यंत काही पोहोचते. कोल्हापुरात डेक आणि डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर ‘सीडी घेत नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी यंत्रांत काहीच बिघडलेले नसते. सीडी भरतानाच काहीतरी राहून गेलेले असते आणि यादी वाचण्याच्या पहिल्याच पायरीवर प्लेअर अडतो.

ऑडिओ सीडी १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी बाजारात आणली. तिच्यावर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांत लिहिलेला असतो. याचा हिशेब सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट असा होतो. त्यामुळे १२ सेंटिमीटरच्या तबकडीवर ७४, फार तर ८० मिनिटे संगीत मावते. तेच संगीत एमपीथ्रीत १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट या बिटरेटला, बसवले की माहिती अकरापट कमी होते. मिनिटाला जेमतेम १ एमबी लागतो आणि ७०० एमबीच्या सीडीवर १२ तासांची गाणी राहतात.

एमपीथ्री म्हणजे एमपेग-१ ऑडिओ लेयर ३. जर्मनीतल्या एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर मोलाचे काम केले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले आणि या फाइलींना एमपीथ्री हे नाव १९९५ मध्ये मिळाले. पद्धतीचे मर्म कानाच्या स्वभावात आहे. भजनात टाळ वाजत असताना पेटीच्या भात्याची फुसफुस ऐकू येत नाही. ती चालूच असते, पण टाळांचा आवाज तिला झाकून टाकतो. एमपीथ्री करणारे सॉफ्टवेअर गाण्याचे १,१५२ नमुन्यांचे, म्हणजे सेकंदाच्या साधारण अडतिसाव्या भागाएवढे तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्यात कोणता आवाज कशाखाली झाकला जाणार आहे याचा अंदाज घेते आणि झाकला जाणारा भाग ढोबळपणे लिहिते किंवा सोडून देते. एकदा सोडून दिलेले पुन्हा मिळत नाही. पुढचे बरेच काही या एका गोष्टीवरून ठरते.

२००० नंतरच्या दशकात डीव्हीडी प्लेअर आणि डेक यांच्या दर्शनी भागावर एमपीथ्रीची खूण दिसू लागली आणि घराघरांतली कॅसेटची खोकी माळ्यावर गेली. महाद्वार रोडवर अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी आरत्या आणि भक्तिगीतांच्या सीडी मांडलेल्या असत. भावगीते, लावण्या, पोवाडे, नाट्यगीते, सगळेच एका तबकडीत शेकड्याने मिळू लागले. कॅसेटची बाजू बदलायची कटकट संपली. त्याऐवजी नवीच अडचण आली, ती आज फारशी कुणाला आठवत नाही. डीव्हीडी प्लेअरच्या चिमुकल्या पडद्यावर फक्त आकडा दिसे. दीडशे गाण्यांतले हवे ते गाणे शोधायला टीव्ही लावावा लागे. पहाटे भूपाळ्या लावायच्या, तर घरातल्या माणसांच्या डोळ्यांवर टीव्हीचा उजेड येई. मग बऱ्याच घरांत एका वहीत गाण्यांचे क्रमांक लिहून ती वही प्लेअरखाली ठेवलेली असे. दुरुस्तीला आलेल्या यंत्राबरोबर ती वहीही चुकून यायची.

आता पहिले काम, यादी वाचणे. संगणकावर सीडी भरताना शेवटी ती बंद करावी लागते, म्हणजे ‘आता यात आणखी काही भरायचे नाही’ अशी नोंद तबकडीवर व्हावी लागते. ती न केलेली सीडी संगणक निमूट वाचतो, पण घरचा प्लेअर बहुधा ‘नो डिस्क’ दाखवून मोकळा होतो. दुसरा प्रकार तुकड्यातुकड्याने भरलेल्या सीडीचा. दिवाळीत पन्नास गाणी भरली, गणपतीत आणखी तीस घातली, की तबकडीवर दोन सत्रे होतात. काही प्लेअर फक्त पहिले सत्र पाहतात, काही फक्त शेवटचे. गाणी ‘गायब झाली’ अशी तक्रार येते ती यातून. गाणी कुठे गेलेली नसतात, प्लेअरला ती दिसत नसतात एवढेच. पेनड्राइव्हसारखी फाइली ओढून टाकायची सोय संगणकात असते, त्या पद्धतीने भरलेली सीडी तर बहुतेक घरगुती प्लेअरना वाचताच येत नाही. पुन्हा पुन्हा पुसता येणारी तबकडी साध्या तबकडीच्या मानाने फारच कमी प्रकाश परत पाठवते, म्हणून जुने डेक तीही नाकारतात. फोल्डर आणि फाइलींच्या संख्येलाही प्लेअरची मर्यादा असते. ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते, पण पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते.

नावांचा घोळ याहून जास्त त्रास देतो. बरेच प्लेअर फाइली नावाच्या अक्षरक्रमाने वाजवतात, आणि अक्षरक्रमात १० हा आकडा २ च्या आधी येतो. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले, ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ हे याचे चांगले उदाहरण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेली ही ५६ गीते कथेच्या क्रमाने आहेत. फाइलींना १ ते ५६ असे आकडे दिले तर प्लेअर १० पासून १९ पर्यंतची गीते २ च्या आधी लावतो. रामजन्म, वनवास, सीताहरण यांची उलथापालथ होते. उपाय साधा आहे, ०१, ०२, ०३ असे दोन आकडी क्रमांक द्यायचे. गाणी शंभराच्या वर गेली की तीन आकडी. शून्य लिहायला एक क्षण लागतो आणि संपूर्ण सीडीचा अर्थ टिकतो. नावे देवनागरीत लिहिली तर संगणकावर छान दिसतात, पण जुन्या प्लेअरच्या पडद्यावर त्यांच्या जागी चौकोन किंवा आडव्या रेघा उमटतात. म्हणून क्रमांक पुढे आणि नाव रोमन लिपीत ठेवण्याचा रिवाज पडला. मनाला तो रुचत नाही, पण चालतो.

यादी वाचण्यासाठी आधी प्रकाश लागतो. तो देणाऱ्या भागाला बाजारात सगळेच ‘लेन्स’ म्हणतात. खरे तर त्यात लेसर, भिंग, परत आलेला प्रकाश टिपणारे सेन्सर आणि भिंगाला वर-खाली हलवणारी बारीक तारांची वेटोळी असा सगळा संसार असतो. प्लेअरचे झाकण काढून सीडी लावली की तो काम करताना दिसतो. ट्रे आत जातो, वरचा चुंबकी पट्टा तबकडीला दाबून धरतो, भिंग दोन-तीनदा हलकेच वर-खाली होऊन पृष्ठभाग शोधते. सापडला तर तबकडी वेग घेते. नाही सापडला तर अर्धवट फिरून थांबते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ येते. अनुभवी हाताला या पाच-सहा सेकंदांतच निम्मे निदान होते. भिंग हललेच नाही तर बिघाड वेगळा. हलले पण तबकडी फिरली नाही, तर भिंगावर धूळ किंवा लेसर अशक्त. ट्रेच बाहेर येत नसेल तर बहुधा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो, आणि ते काम सगळ्यात स्वस्तातले. झाकण उघडे असताना भिंगात डोळा घालून पाहायचे नाही हा या कामातला पहिला नियम. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळपास अदृश्य असतो, आणि न दिसणारा प्रकाशही डोळ्याला इजा करतो.

डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन लेसर असतात, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल आणि सीडीसाठी ७८० चा. म्हणून ‘पिक्चर चालतो, गाणी चालत नाहीत’ ही तक्रार कितीही चमत्कारिक वाटली तरी खरी असते. सीडीचा लेसर थकलेला असतो, डीव्हीडीचा ठणठणीत असतो. भिंगावरची धूळ मऊ कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब एवढ्यावर निघते. देवघराच्या फळीशेजारी ठेवलेल्या डेकच्या भिंगावर उदबत्तीच्या धुराचा चिकट थर बसतो, स्वयंपाकघराला लागून ठेवलेल्यावर फोडणीचा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सादळलेल्या हवेत तो लवकर धरतो. लेसरच थकला असेल तर मात्र पुसून उपयोग नसतो. त्याच्या बाजूला एक नखाएवढा प्रीसेट असतो. तो स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवला की लेसरला जास्त विद्युतप्रवाह मिळतो आणि मेलेला डेक गाऊ लागतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण तो लेसर त्यानंतर फार दिवस टिकत नाही. लेन्स बदलणे महाग पडते म्हणून प्रीसेट फिरवून देणे हा सोपा मार्ग आहे. गिऱ्हाइकाला हे आधी सांगूनच तो वापरावा.

आता तबकडी. घरी भरायच्या सीडीत सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि लेसर त्या थरावर ठिपके उमटवतो. उन्हाने हा रंग विटतो. खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली सीडी म्हणूनच आधी जाते. खालच्या चकचकीत बाजूला लोक फार जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहितात. खरा धोका वरून असतो. परावर्तक पत्रा वरच्या बाजूला, वार्निशच्या पातळ थराखाली असतो; खाली मात्र पॉलिकार्बोनेटची मिलिमीटरहून जाड ढाल असते. खालचा ओरखडा घासून बुजवता येतो, वरचा पत्रा निघाला की तिथले संगीत संपले.

एमपीथ्रीच्या सीडीला ओरखडा जास्त महाग पडतो, आणि हे मोजून दाखवता येते. ऑडिओ सीडी लेसरवरून सेकंदाला सुमारे १.२ मीटर या वेगाने सरकते. पाच मिनिटांचे गाणे म्हणजे ३६० मीटरची रेषा. तेच गाणे १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण ३८ मीटरमध्ये बसते. त्यामुळे ऑडिओ सीडीवर एखाद्या गाण्यात जरा खरखर करून सुटणारा डाग एमपीथ्रीच्या सीडीवर गाण्यामागून गाणी घेऊन जातो. ऑडिओ सीडीत न वाचलेला नमुना आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरून काढता येतो, कानाला पत्ताही लागत नाही. फाइलीत असा अंदाज चालत नाही. तिथे चूक दुरुस्त करायची जास्तीची माहिती लिहिलेली असते, तीही अपुरी पडली तर तो भाग गेला. एमपीथ्रीच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. प्लेअर तबकडीवरून सेकंदाला १५० केबी वाचू शकतो आणि गाण्याला लागतात फक्त १६. उरलेल्या वेळात तो पुढचे वाचून ठेवतो, अडले तर तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. म्हणून एमपीथ्रीची सीडी खरखरत नाही. ती नीट वाजते, नाहीतर एकदम थांबते.

आवाजाच्या बाबतीत एकच निकाल सगळ्या संगीताला लावता येत नाही. जुनी चित्रपटगीते, भावगीते, कॅसेटवरून उतरवलेल्या आरत्या १२८ केबीपीएसला घरच्या स्पीकरवर चांगल्या ऐकू येतात. मूळ ध्वनिमुद्रणातच वरचे सूर थोडे असतात, त्यामुळे गमावण्यासारखे फार नसते. हलगीचे तसे नाही. शांततेतून एकदम फुटणारा तिचा कडक ठोका हा एमपीथ्रीला सर्वात अवघड जाणारा आवाज. तुकडा पाडताना ठोक्यात झालेली ढोबळ चूक त्या तुकड्याच्या सुरुवातीपासून पसरते आणि ठोका पडण्याच्या आधीच एक बारीक ‘श्श’ ऐकू येतो. सॉफ्टवेअर अशा जागी तुकडे लहान करून हे सावरते, पण कमी बिटरेटला ते पुरत नाही आणि पोवाड्याची, लेझमीची धार बोथट होते. तानपुऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. जवारीतून उठणारी सुरांची दाट गर्दी जितकी बारीक तितकी पहिली छाटली जाते, आणि तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा डुलू लागतो. शाहू महाराजांच्या आश्रयाने गायक अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथे देवल क्लब या संगीतसंस्थेची परंपरा आहे, त्या कोल्हापूरने तरी ख्यालाचे ध्वनिमुद्रण १२८ ला बसवू नये. २५६ किंवा ३२० ठेवले तर सीडीवर पाच-सहा तासच मावतात, पण त्यात जवारी शाबूत राहते. सलग मैफिलीचे तुकडे करून फाइली केल्या तर दोन फाइलींच्या मधे क्षणभर खंड पडतो, कारण एमपीथ्री फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता आपोआप जोडली जाते. आलाप आणि बंदिश वेगळ्या करण्याचा मोह त्यासाठी टाळावा.

एक गैरसमज टेबलावर रोज भेटतो. १२८ ची फाइल ३२० ला बदलून घेतली, किंवा एमपीथ्रीवरून ऑडिओ सीडी बनवली, की आवाज सुधारतो असा. तो सुधारत नाही. फाइल मोठी होते, आणि ३२० ला पुन्हा घडी घालताना उलट आणखी थोडे निसटते. सुधारणा हवी असेल तर मूळ कॅसेट, रेकॉर्ड किंवा ऑडिओ सीडीकडे परत जावे लागते.

जोडणीबद्दल थोडेच सांगायचे. लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने डीव्हीडी प्लेअर अँप्लिफायरला जोडणे पुरेसे असते. आवाज एकाच बाजूने आला तर आधी वायर अदलाबदल करून पाहावी, लेन्सवर संशय घेऊ नये. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेली गाणी एकाच सीडीवर असली की एक हळू, एक मोठ्याने वाजते. तो डेकचा दोष नाही. भरण्याआधी सगळ्यांची पातळी सारखी करून घेता येते.

शेवटचा विषय सर्वांत जिव्हाळ्याचा. बाजारात मिळणारी गाणी आज कुठेही मिळतात. घरच्या सीडींत मात्र जे आहे ते इतरत्र नाही: आजीच्या ओव्या, मंडळाचे भजन, शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाट्यगीत. शिवाजी पेठेतल्या एका भजनी मंडळाची अशीच एक सीडी दुरुस्तीला आलेल्या डेकमधून निघाली. वरून मंडळाच्या फोटोचा गोल कागदी स्टिकर चिकटवलेला, कडेने सुटलेला, आणि त्याच्याबरोबर नखाएवढा पत्राही उचललेला. ‘परवापर्यंत वाजत होती की ओ,’ म्हातारे गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते. ‘काका, दुसरी प्रत आहे का कुणाकडं?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. पूर्ण भरलेल्या सीडीच्या बाहेरच्या कडेला शेवटची गाणी असतात, आणि बोटे, घासणे, स्टिकरचा ताण सगळे त्या कडेलाच बसते. या सीडीत त्या कडेला भैरवी होती. डेकने ती सोडून दिली. संगणकाच्या ड्राइव्हवर, न वाचता येणारा भाग वगळून पुढे जाणाऱ्या सॉफ्टवेअरने, कमी वेगाने, तीच सीडी तीनदा वाचल्यावर भैरवीची फाइल मधे दोन ठिकाणी तुटलेली अशी हाती आली. आणि ती वाजली, कारण एमपीथ्रीतला प्रत्येक लहान तुकडा आपली ओळख स्वतःबरोबर ठेवतो. मधला भाग गेला तरी प्लेअर पुढचा तुकडा ओळखून चालू लागतो. तबकडीवरचा एक खण, म्हणजे सेक्टर, गेला तर १२८ केबीपीएसला सेकंदाचा जेमतेम आठवा भाग जातो. काकांनी ती भैरवी टेबलाशी उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकली.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथल्या चिखलातून निघालेल्या सीडीही अशाच टेबलांवर आल्या. ओली सीडी कोरड्या फडक्याने पुसू नये, चिखलातले कण तिला ओरबाडतात. स्वच्छ पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवावी, मधून कडेकडे सरळ रेषेत टिपावी, सावलीत वाळवावी आणि लगेच उतरवून घ्यावी. पाणी पॉलिकार्बोनेटला लगेच काही करत नाही. कडेतून आत शिरलेला ओलावा पत्र्याला हळूहळू खातो.

नव्या लॅपटॉपमध्ये आता सीडीचा ड्राइव्ह नसतो, आणि डेकच्या लेन्सचे सुटे भाग मिळणे अवघड होत चालले आहे. ज्यांच्या घरी हाताने नाव लिहिलेली, दुसरी प्रत नसलेली सीडी आहे, त्यांनी ती माळ्यावरून काढावी आणि त्यातल्या फाइली आहेत तशाच, पुन्हा न बदलता, दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवाव्यात. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह शेजारीपाजारी कुणाकडे तरी सापडतो. सीडी धड असेल तर हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे.